बी.एस्सी. न झालेली शास्त्रज्ञ आणि आपल्या मुली

गेली काही वर्षं आमच्या संस्थेत एक पद्धत पडली आहे. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि ८ मार्चचा महिला दिन यांच्यात जेमतेम आठवड्याचं अंतर. त्या आठवड्यात आम्ही तालुक्यातल्या मुलींचं एक दिवसाचं शिबिर घेतो. सकाळी एका स्त्री-शास्त्रज्ञाची ओळख, मग थोडे प्रयोग, दुपारी गप्पा. मेरी क्युरी झाल्या, कमला सोहोनी झाल्या, जानकी अम्मल झाल्या. यंदा ठरवलं की जी आजही प्रयोगशाळेत काम करते आहे अशी बाई घ्यायची. म्हणून झेनान बाओ यांची निवड केली. त्या रसायनशास्त्रज्ञ आहेत. प्लास्टिकमधून वीज खेळवणं, प्लास्टिककडून प्रकाश मिळवणं आणि ते प्लास्टिक माणसाच्या कातडीसारखं ताणलं जाईल असं बनवणं, हे त्यांचं काम.

माझा स्वतःचा विज्ञानाशी संबंध बारावीला सुटला. पुढं बी.ए. केलं, मग एम.एस.डब्ल्यू. त्यामुळे रसायनशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापक बाईंकडे चार संध्याकाळी बसले, समजून घेतलं, तक्ते रंगवले आणि शिबिरात तासभर बोलले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. शेवटी मी नेहमीचं वाक्य म्हटलं, ‘जिद्द असली की बाईला काही अशक्य नाही.’

मागच्या रांगेतून एक हात वर आला. ही काही शाळकरी मुलगी नव्हती. मांडीवर लहान मूल होतं. आमच्या गटातल्या एका कार्यकर्तीनं तिला सोबत आणलं होतं. तिनं विचारलं, ‘ताई, त्या बाईंची बी.एस्सी. पुरी झाली नव्हती असं तुम्ही मघाशी म्हणालात. मग त्यांना पुढं घेतलं कसं?’

मला उत्तर देता आलं नाही. ते वाक्य मी ओघात बोलून गेले होते. पण त्या बाईचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यात अडकलेलं होतं. ते सांगायच्या आधी, मी मुलींना जे सांगितलं ते थोडक्यात सांगते.

प्लास्टिक म्हणजे आपल्या डोक्यात विजेच्या तारेवरचं वेष्टण. वीज अडवणारी वस्तू. रसायनशास्त्रात त्याला बहुवारिक म्हणतात. एकाच प्रकारचे छोटे रेणू एकमेकांना जोडत जाऊन झालेली लांबलचक साखळी. ही साखळी मुख्यतः कार्बनची, म्हणून या शाखेला सेंद्रिय इलेक्ट्रॉनिकी म्हणतात. सेंद्रिय म्हटलं की आपल्याला शेणखत आठवतं, पण इथं त्याचा अर्थ एवढाच की काम सिलिकॉनऐवजी कार्बनच्या संयुगांकडून करून घ्यायचं. काही साखळ्यांमध्ये कार्बनचे बंध एक एकेरी, एक दुहेरी असे आलटून पालटून असतात. अशा साखळीत इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेला राहत नाही. रोजगार हमीच्या कामावर बायका ओळीनं उभ्या राहतात आणि घमेलं हातोहात पुढं जातं, तसा तो पुढं सरकू शकतो. १९७७ साली हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायरमिड आणि ॲलन हीगर यांनी दाखवून दिलं की अशा एका बहुवारिकाला आयोडीनसारख्या पदार्थाची वाफ दिली की ते धातूसारखी वीज वाहू लागतं. त्याबद्दल त्यांना २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रकाशाची गोष्ट इंग्लंडमधल्या केंब्रिजची. १९८९ साली तिथं जेरेमी बरोज हा तरुण संशोधक रिचर्ड फ्रेंड यांच्या प्रयोगशाळेत पीपीव्ही नावाच्या बहुवारिकाचा पातळ थर तपासत होता. दोन बाजूंनी विजेचा दाब दिला आणि त्या थरातून पिवळट हिरवा उजेड आला. एका बाजूनं इलेक्ट्रॉन येतो, दुसऱ्या बाजूनं इलेक्ट्रॉनची रिकामी जागा सरकत येते. दोन्ही साखळीवर भेटतात आणि उरलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. हा शोध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. पण हा थर बनवणं सोपं नव्हतं, कारण पीपीव्ही कशातच विरघळत नाही. पीठ पातळ केल्याशिवाय तव्यावर घावन पसरत नाही, तसंच हे. त्यावर रसायनशास्त्रज्ञांचा तोडगा असा की आधी विरघळणारा कच्चा पदार्थ बनवायचा, तो पातळ पसरायचा आणि मग तापवून त्याचं पीपीव्ही करायचं. केंब्रिजमध्ये रसायनाची ही बाजू अँड्र्यू होम्स यांच्या गटानं सांभाळली. होम्स यांचं नाव लक्षात ठेवा, त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता बाओ. त्यांचा जन्म १९७० सालचा, चीनमधल्या नानजिंगचा. आईवडील दोघंही नानजिंग विद्यापीठातले शास्त्रज्ञ. १९८७ मध्ये त्यांनी त्याच विद्यापीठात रसायनशास्त्राला प्रवेश घेतला. १९९० मध्ये कुटुंब अमेरिकेला गेलं आणि पदवी अर्धवट राहिली. पुढं शिकागो विद्यापीठानं त्यांना पदवी नसतानाही थेट पुढच्या शिक्षणाला घेतलं. लुपिंग यू यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी याच जातीची, वीज वाहणारी बहुवारिकं बनवण्याचं काम केलं आणि १९९५ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी त्या न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये लागल्या. तिथं १९९७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्लास्टिकचे ट्रान्झिस्टर चक्क छापून दाखवले. आपल्याकडे लग्नपत्रिका जाळीतून शाई दाबून छापतात, जवळजवळ त्या तऱ्हेनं. २००४ मध्ये त्या स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. २०१० मध्ये त्यांच्या गटानं असा मऊ थर बनवला की त्यावर माशी बसली तरी तिचा भार कळावा. २०१२ मध्ये कापला तरी आपोआप सांधणारा पदार्थ केला. २०१७ मध्ये त्यांना स्त्री-शास्त्रज्ञांसाठीचा लॉरिआल-युनेस्को पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये त्या स्टॅनफर्डमध्ये रासायनिक अभियांत्रिकीच्या विभागप्रमुख झाल्या. आणि २०२२ मध्ये त्यांच्या गटानं रबरासारखा ताणला तरी उजळत राहणारा प्रकाशाचा थर बनवला. त्यात वापरलेलं पिवळं बहुवारिक केंब्रिजच्या त्या पीपीव्हीच्याच कुळातलं. त्यात पॉलियुरेथेन मिसळलं आणि ठिसूळ थर लवचिक झाला.

ही कारकीर्द सांगताना मी स्वतः हरखून गेले होते. आणि म्हणूनच चुकले.

आपण चळवळीत यशस्वी बायकांच्या गोष्टी सांगतो त्या एका साच्यातून काढलेल्या असतात. गरिबी होती, विरोध होता, पण ती डगमगली नाही, शेवटी तिनं करून दाखवलं. ऐकणाऱ्या मुलीला त्यातून दोनच अर्थ लागतात. एक, जिद्द पाहिजे. आणि दोन, माझं झालं नाही म्हणजे माझ्यात जिद्द कमी पडली. हा दुसरा अर्थ आपण कधी उच्चारत नाही, पण मुली तो घरी घेऊन जातात. मागच्या रांगेतल्या त्या बाईच्या प्रश्नानं माझ्या लक्षात आलं की मी गोष्ट बाईची सांगितली आणि दाराची सांगायची राहून गेली.

तिची हकीकत अशी. नाव, गाव लिहीत नाही. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं होतं. पाच सत्रं नीट पास झाली. शेवटच्या सत्रात स्थळ आलं. मुलाकडच्यांना घाई होती, वडिलांच्या अंगावर अजून दोन मुली होत्या. लग्न झालं आणि परीक्षा राहिली. पुढच्या वर्षी देऊ म्हणाली तर दिवस गेलेले. मग दुसरं मूल, मग सासूचं आजारपण. सहा वर्षांनी हातात चार पैसे आणि नवऱ्याचा होकार, दोन्ही एकदम मिळाले, तशी ती कॉलेजात गेली. तिथं कळलं की नोंदणीची मुदत संपली, मधल्या काळात अभ्यासक्रमही बदलला. पदवी हवी असेल तर पुन्हा पहिल्या वर्षापासून प्रवेश घ्या. खिडकीतला माणूस उद्धट नव्हता. उलट त्यालाही वाईट वाटलं. पण ‘नियमच तसा आहे,’ म्हणाला. आज ती औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. ज्या गोळ्यांच्या घटकांची सूत्रं तिला लिहिता येतात, त्या गोळ्यांच्या पट्ट्या ती खोक्यात भरते.

आता दोघींची तीन वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघा. नानजिंगमध्ये १९८७ ते १९९० ही तीन वर्षं एक मुलगी रसायनशास्त्र शिकली, पदवी मिळाली नाही. आपल्या तालुक्यात एक मुलगी जवळजवळ तीन वर्षं रसायनशास्त्र शिकली, पदवी मिळाली नाही. पहिलीच्या बाबतीत एका विद्यापीठानं कागद बाजूला ठेवून, मुलीला काय येतं ते पाहिलं. दुसरीच्या बाबतीत कागद नाही म्हणून तीन वर्षं मुळी झालीच नाहीत असं ठरवलं. पहिलीची तीन वर्षं पायरी ठरली, दुसरीची तीन वर्षं वाया गेली.

बाओ यांचं कर्तृत्व यानं कमी होत नाही. दार उघडल्यावर चालत त्या स्वतःच गेल्या. आणि दोघींमध्ये फरक नाहीत असंही मी म्हणत नाही. शास्त्रज्ञ आईवडिलांचं घर, पदवी हाती नाही म्हणून लग्न लावून न देणारी माणसं, परदेशातलं श्रीमंत विद्यापीठ, हे सगळं एकीच्या बाजूला होतं. पण मी हेच म्हणते आहे. कारकीर्द नावाची गोष्ट एकट्या बाईच्या जिद्दीतून उभी राहत नाही. ती घर, नियम, पैसा, मार्गदर्शक, प्रयोगशाळा आणि वेळ यांच्या साखळीतून उभी राहते. बहुवारिकासारखंच आहे. साखळीतला एक बंध तुटला की पुढं काही वाहत नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो. आमच्या बैठकीतही आला. ‘नियम सगळ्यांना सारखा आहे. मुलगा नापास होऊन घरी बसला तर त्याचीही मुदत संपते. यात बाईचा प्रश्न कुठं आला?’ माझं उत्तर असं. नियम सगळ्यांना सारखा असेल, पण खंड सगळ्यांना सारखा पडत नाही. तृतीय वर्षाच्या मुलाचं लग्न झालं म्हणून त्याची परीक्षा राहिली, असं एक उदाहरण कुणी मला दाखवावं. बाळंतपणानं मुलाचं वर्ष बुडत नाही. सासू आजारी पडली तर जावई रजा काढत नाही. ज्या समाजात मुलीचं लग्न तिच्या वेळापत्रकानं ठरत नाही, त्या समाजात मुदतीचा नियम दिसायला निःपक्षपाती आणि परिणामानं पक्षपातीच असतो.

आकडेही हेच सांगतात. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशात विज्ञान शाखेत, पदवीपासून पीएच.डी.पर्यंत मिळून, २९.५ लाख मुली होत्या आणि २७.७ लाख मुलगे. मुली जास्त! पण देशात प्रत्यक्ष संशोधनाच्या कामावर असलेल्या माणसांत पाचांत एकही बाई पुरती भरत नाही. मधल्या वाटेवर एवढ्या मुली जातात कुठं? त्या कुठं जातात ते शोधायला आपल्याला दिल्लीच्या अहवालाची गरज नाही. त्या आपल्या बचतगटात बसलेल्या आहेत. शिकवण्या घेतात, दुकानात हिशेब लिहितात, पॅकिंगला जातात. पुष्कळजणी तर आपण पदवीपर्यंत शिकलो हे सांगायलासुद्धा लाजतात.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. २००२-०३ पासून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी योजना आखली. खंड ही बाईची चूक नसून परिस्थिती आहे, हे मान्य करणारी ही योजना मला महत्त्वाची वाटते. पण तिच्या दारात उभं राहायलाच एम.एस्सी. किंवा त्या तोडीची पदवी लागते. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं शैक्षणिक क्रेडिट बँकेचे नियम काढले. शिकलेलं खात्यावर जमा राहील, सात वर्षांच्या आत परत येऊन पुढं शिकता येईल, अशी ती कल्पना. कल्पना चांगली आहे. पण २०२१-२२ पासून मिळवलेली क्रेडिटंच त्यात धरली जातात. त्याआधी शिक्षण सुटलेल्यांचं खातं उघडलंच जात नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या काही प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, तीही आत येणाऱ्या मुलींसाठी. परत येणाऱ्या बाईचा विचार कुठंच नाही.

दार उघडायला लावावं लागतं, आपणहून उघडत नाही, हे आपल्याला कमला सोहोनींपासून माहीत आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठात पहिली आलेली ही मुलगी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली, तर सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या. शेवटी रामन यांनी वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर त्यांना आत घेतलं. पुढं त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. आपण ही गोष्ट त्यांच्या धैर्याची म्हणून सांगतो, आणि तशी ती आहेच. पण तिचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. त्यांच्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एकीचा अपवाद नियम झाला. धैर्याचं सार्थक तिथं होतं.

आता होम्स यांच्याकडे येते. प्रकाश देणाऱ्या बहुवारिकांच्या शोधात सहभागी असलेला हा रसायनशास्त्रज्ञ मूळचा ऑस्ट्रेलियाचा. केंब्रिजमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ काम करून २००४ मध्ये ते मेलबर्नला परतले आणि २०१४ ते २०१८ या काळात ऑस्ट्रेलियाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. त्याआधी २०१३ मध्ये या अकादमीनं जे नवे सदस्य निवडले त्यांत एकही स्त्री नव्हती. त्यावरून देशात बरीच टीका झाली. होम्स यांच्या कारकिर्दीत, २०१५ मध्ये, अकादमीनं तंत्रविज्ञानाच्या अकादमीला बरोबर घेऊन एक उपक्रम सुरू केला. विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी आपल्याकडे कोणत्या पायरीवर किती बायका आहेत ते मोजायचं, त्या कुठं गळतात ते शोधायचं, सुधारणेचा आराखडा द्यायचा आणि त्यावर बाहेरच्यांकडून दर्जा मिळवायचा. मूळ पद्धत ब्रिटनची. आपल्याकडेही २०२० मध्ये ‘गती’ नावानं ती सुरू झाली आणि पहिल्या फेरीत तीस संस्था घेतल्या.

मी हे होम्स यांच्या कौतुकासाठी लिहीत नाही. एका माणसाच्या मोठेपणानं हे झालं नाही. टीका झाली, बायकांनी आवाज उठवला, म्हणून झालं. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथं ‘बायकांनी जास्त जिद्द दाखवावी’ असं शिबिर घेतलं नाही, तर संस्थेला आरशासमोर उभं केलं. आपण नेमकं उलट करतो. मुलींना उभं करतो आणि संस्थेला सत्काराला बोलावतो.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच मैत्रिणींचा आहे आणि तो मला जास्त टोचतो. ‘इथं पाण्यासाठी वणवण आहे, मारहाणीच्या केसेस आहेत, बालविवाह थांबत नाहीत, आणि तू प्लास्टिकमधून प्रकाश काढणाऱ्या बाईचं काय घेऊन बसलीस? हा मूठभर शिकलेल्यांचा प्रश्न आहे.’ मीही इतकी वर्षं असंच मानत होते. आज मानत नाही, त्याची दोन कारणं.

पहिलं कारण, हा प्रश्न वेगळा नाहीच. शेवटच्या सत्रात लावलेलं लग्न हा हिंसेच्या, हुंड्याच्या आणि मुलगी म्हणजे ओझं या समजुतीच्याच कुळातला प्रश्न आहे. आपण अठरा वर्षांपर्यंत लग्न थांबवायला धावतो. एकोणिसाव्या, विसाव्या वर्षी, परीक्षेच्या तोंडावर लग्न लागलं तर कायद्यानं गुन्हा नाही म्हणून आपण अक्षता टाकायला जातो.

दुसरं कारण जरा लांबचं वाटेल. विज्ञानात कोणते प्रश्न विचारले जातात हे तिथं कोण बसलंय आणि त्यांनी काय पाहिलंय यावर थोडंफार ठरतं. २०१७ मध्ये बाओ यांच्या गटानं एक अर्धवाहक बहुवारिक बनवलं. ते काम झाल्यावर सौम्य आम्लात विरघळून जातं. खालचा थर कागदासारखा सेल्युलोजचा, विजेच्या जोडण्या लोखंडाच्या. कचऱ्याचं काय, हा प्रश्न ते उपकरण बनवतानाच विचारात घेतलेला. बाओ बाई आहेत म्हणून त्यांना हे सुचलं असं भाबडं विधान मी करणार नाही. पण मोबाईल आणि संगणक भंगारात गेले की ते हातांनी फोडून वेगळे करणाऱ्यांत आपल्या बायका असतात, हे आपल्याला माहीत आहे. पुण्यात १९९३ पासून कचरावेचक बायका संघटित झालेल्या आहेत. उद्या त्यांतल्या एखादीची मुलगी रसायनशास्त्र शिकली, तर ‘हे फोडताना हाताला काय लागतं’ हा प्रश्न ती प्रयोगशाळेत घेऊन जाईल. म्हणून तिनं तिथं पोचायला हवं. तिच्या एकटीच्या प्रगतीसाठी नाही, आपल्या सगळ्यांच्या प्रश्नांसाठी.

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात. तुम्ही त्यात भर घाला.

एक, आपापल्या गटात मोजणी करा. किती जणींचं शिक्षण सुटलं, कोणत्या इयत्तेत, कोणत्या सत्रात आणि कशामुळे? आमच्या गटात आम्ही विचारलं तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त हात वर आले. या याद्या हीच आपली ताकद.

दोन, विद्यापीठांकडे मागणी करा. लग्न, बाळंतपण किंवा घरातल्या आजारपणामुळे शिक्षण सुटलेल्या बायकांना मुदतवाढ मिळावी. अभ्यासक्रम बदलला असेल तर फरकापुरते विषय द्यावेत, पुन्हा पहिल्या वर्षापासून नाही. आणि क्रेडिट बँकेत २०२१ पूर्वीचं शिक्षणही धरावं. विज्ञानाच्या मुलींसाठी प्रात्यक्षिकांची सोय सुट्टीत एकगठ्ठा करावी, कारण पॅकिंगला जाणारी बाई रोज दुपारी प्रयोगशाळेत येऊ शकत नाही. आणि येईल तेव्हा तिच्या मुलाला बसायला जागा हवी.

तीन, घरी जाऊन बोला. शेवटच्या सत्रातल्या मुलीचं स्थळ आलं असेल तर ‘परीक्षा होऊ द्या, मग तारीख काढा’ एवढं सांगायला कायदा लागत नाही. चार बायका पुरतात.

आणि चौथी गोष्ट आपल्या स्वतःसाठी. स्त्रियांच्या यशाच्या गोष्टी सांगणं थांबवू नका, पण त्या पुऱ्या सांगा. तिला कुणी आत घेतलं, कोणता नियम वाकवला, पैसे कुठून आले, पोरं कुणी सांभाळली, तिच्याबरोबर काम करणारी माणसं कोण होती, हे सगळं सांगा. बाओ यांच्या प्रत्येक शोधावर अनेकांची नावं असतात. एकटीनं काहीच झालेलं नाही. चळवळीतल्या आपल्याला हे वेगळं शिकवायला नको होतं.

त्या बाईबद्दल विचाराल म्हणून सांगते. आम्ही तिच्या नावानं विद्यापीठाकडे अर्ज केला आहे. सोबत पाचही सत्रांच्या गुणपत्रिका जोडल्या आहेत. तिच्याबरोबर आणखी अकरा जणींचे अर्ज गेले आहेत, सगळ्या आमच्याच तालुक्यातल्या. उत्तर अजून आलेलं नाही. गेल्या महिन्यात ती संस्थेत आली तेव्हा तिच्या हातात जुनं रसायनशास्त्राचं पुस्तक होतं. म्हणाली, ‘ताई, परवानगी येईल तेव्हा येईल. मी वाचायला घेतलंय.’

तिच्या जिद्दीबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. आता खिडकीच्या पलीकडच्यांनी उत्तर द्यायचं आहे. ते मिळेपर्यंत त्या खिडकीशी आपण उभं राहायचं आहे.